वाइनचा ताळेबंद आणि बडोद्याचे शून्य

एखाद्या देशातील वाइनचा पुरवठा मोजायचा झाल्यास त्या वर्षी किती वाइन तयार झाली एवढे पाहून भागत नाही. वर्षारंभी टाक्यांत, लाकडी पिंपांत आणि गोदामांत असलेली शिल्लक, नव्या हंगामाचे उत्पादन आणि बाहेरून आलेली आयात यांची बेरीज करायची, तीतून निर्यात वजा करायची आणि वर्षअखेर उरलेला साठा बाजूला काढायचा, म्हणजे त्या वर्षी लोकांच्या हाती प्रत्यक्ष किती वाइन पोहोचली याचा अंदाज येतो. धान्याचा ताळेबंदही असाच मांडतात. फरक एवढाच, की गव्हाचे पोते वर्षभर कोठारात राहिले तरी त्याचे मूल्य फारसे बदलत नाही, तर वाइनचा साठा काळाबरोबर बदलत जातो. काही मोजक्या, उंची प्रतीच्या लाल वाइन मुरून चढत्या किमतीच्या होतात आणि बहुतेक हलक्या पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत उतरणीला लागतात. म्हणूनच शिल्लक साठा ही काही वेळा पुंजी असते आणि काही वेळा बुडीत खाते असते, आणि देशाच्या पुरवठ्याचा आलेख वाचताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

भारताच्या बाबतीत या हिशेबाला आणखी एक अट जोडली गेली आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, विक्री आणि त्यांवरील अबकारी कर हे सर्व राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहेत, आणि घटनेचे 47 वे कलम औषधी उपयोग वगळता मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा असे मार्गदर्शक तत्त्व सांगते. वस्तू व सेवा कर आल्यानंतरही मद्य त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. याचा परिणाम असा, की नाशिक जिल्ह्यातील एका टाकीतून भरलेली बाटली महाराष्ट्रातून दुसऱ्या राज्यात जाते तेव्हा तिच्या वाट्याला नवी नोंदणी, नवे शुल्क आणि नवे परवाने येतात. भारताचा वाइन पुरवठा म्हणून जो एक आकडा छापला जातो, तो वस्तुतः अनेक निरनिराळ्या बाजारपेठांची बेरीज असतो, आणि त्या बेरजेत काही रकान्यांत जवळजवळ शून्य भरलेले असते.

बडोदे शहरातील दांडिया बाजार हा अशाच एका शून्याच्या रकान्यातील भाग आहे. गायकवाडांच्या राजवटीत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची ही जुनी वस्ती. अरविंद घोष बडोदे संस्थानच्या नोकरीत असताना जेथे राहत ते घर याच भागात आहे आणि प्राध्यापक माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिरही येथेच आहे. ज्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत या वस्तीला रूप आले, त्यांचा जन्म 1863 मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला होता. आज भारतातील वाइनचा सर्वांत मोठा वाटा ज्या जिल्ह्यात तयार होतो, तोच हा जिल्हा. नाशिकपासून गुजरातच्या सीमेवरील सापुतारा अवघ्या 80 किलोमीटरांच्या आसपास आहे. तरीही वाइनच्या दृष्टीने नाशिक आणि बडोदे यांच्यामधले अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही, कारण ते कायद्याचे आहे. भारतातील वाइनच्या पुरवठ्याची चढउतार मातीने आणि हवामानाने जितकी ठरवली, त्याहून कितीतरी अधिक ती कायद्याने आणि कराने ठरवली, हे बडोद्यातून पाहिले म्हणजे विशेष स्पष्ट दिसते.

विशेष म्हणजे या दोन्ही ठिकाणचा कायदा मुळात एकच आहे. बडोदे संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी अधिनियम संमत झाला. मोरारजी देसाई त्या वेळी राज्याचे गृहमंत्री होते, आणि एप्रिल 1950 पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. या अधिनियमातील मद्याची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवलेली होती. तीत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोलचा अंश असलेला प्रत्येक द्रव यांचा समावेश होता. द्राक्षाचा रस आंबवून केलेले 12 ते 14 टक्के अल्कोहोलचे पेय आणि ऊर्ध्वपातनाने, म्हणजे आंबवलेला द्रव उकळून त्याची वाफ थंड करून, काढलेले 40 टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे मद्य यांत कायद्याने त्या टप्प्यावर भेद केला नाही. हा भेद न करणे ही कायद्याची चूक होती की त्याचा हेतूच तसा होता, यावर मतभेद होऊ शकतात. पण पुढील पन्नास वर्षे भारतात वाइन हे स्वतंत्र शेतमाल-उत्पादन म्हणून ओळखले गेले नाही, त्याचे मूळ या व्याख्येत आहे असे म्हणावे लागते.

व्यापक व्याख्येची अडचण लगेच समोर आली. एफ. एन. बलसारा या मुंबईच्या नागरिकाने व्हिस्की, ब्रँडी, वाइन यांच्याबरोबरच औषधी वाइन, यूडी कोलोन आणि अल्कोहोलयुक्त औषधे बाळगण्याच्या हक्कासाठी न्यायालयात धाव घेतली, आणि 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी वैध ठरवला, तरी अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी अवाजवी म्हणून रद्द केली. बडोद्याला हा प्रश्न परका नव्हता. 1907 मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी येथे सुरू केलेल्या अलेम्बिक कारखान्याचा आरंभच टिंक्चर आणि अल्कोहोल यांच्या उत्पादनाने झाला होता. पेय म्हणून जे निषिद्ध ठरले, ते द्रावक आणि औषध म्हणून याच शहरात उद्योगाचा पाया झाले.

या औषधी सवलतीमुळे द्राक्ष आंबवून केलेला एक पदार्थ बडोद्यात आजही खुलेपणाने विकला जातो, आणि तो म्हणजे द्राक्षासव. आयुर्वेदाच्या पद्धतीप्रमाणे मनुकांचा काढा करून त्यात गूळ किंवा साखर आणि मध घालतात, धायटीची वाळलेली फुले टाकतात, दालचिनी-वेलची-मिऱ्यांसारखी द्रव्ये मिसळतात आणि भांड्याचे तोंड कापडमातीने बंद करून ते महिनाभर वा अधिक काळ निवाऱ्याला ठेवतात. धायटीच्या फुलांवर असलेल्या यीस्टमुळे, म्हणजे साखरेचे अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, द्रव आंबू लागतो, त्यातून बुडबुडे येतात आणि ते थांबले म्हणजे आसव तयार झाले असे समजतात. वाइनच्या टाकीत घडते ती क्रिया हीच. फरक इतकाच की येथे ताज्या द्राक्षाऐवजी मनुका असतात, बाहेरून गोडवा घातलेला असतो आणि बाटलीच्या वेष्टनावर त्यात आपोआप तयार झालेले अल्कोहोल किती टक्के आहे हे छापलेले असते. अन्न, औषध आणि मद्य यांच्या सीमारेषा निसर्गाने आखलेल्या नसून शासनाने आखलेल्या आहेत, याचा इतका जवळचा पुरावा दुसरा नाही.

1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे विभाजन झाले तेव्हा 1949 चा अधिनियम दोन्ही राज्यांकडे वारशाने आला. गुजरातने गांधीजींची जन्मभूमी म्हणून बंदी कायम ठेवली आणि आरोग्य परवाना व बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचा परवाना अशा मोजक्याच वाटा मोकळ्या ठेवल्या. महाराष्ट्राने साठच्या दशकापासून बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली. पण कायदा रद्द केला नाही. त्यामुळे महाराष्ट्रात आजही कागदोपत्री मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, तो देणारा कायदा दारूबंदीचाच आहे, आणि दोन्ही राज्यांनी पुढे त्याच्या नावातील ‘मुंबई’ काढून आपापले नाव घातले एवढेच. बंदी सैल झाल्याचा लाभ प्रथम वाइनला झाला नाही. दुकानांवर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असली तरी आतील फळ्यांवर उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटच्या व्हिस्की आणि रमच असत, आणि मराठी बोलीत ‘वाइन’ हा शब्द कित्येक वर्षे कोणत्याही मद्यासाठी वापरला गेला.

देशातील आधुनिक वाइननिर्मितीचा पहिला ठोस प्रयत्न पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे ऐंशीच्या दशकात झाला. शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील तंत्रज्ञांचे साहाय्य घेऊन तेथे फेसाळ वाइन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. हे उत्पादन आरंभी निर्यातीच्या बळावर उभे होते, कारण देशात त्याला गिऱ्हाईकही नव्हते आणि ते गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणारी विक्रीव्यवस्थाही नव्हती. कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी 1988 मध्ये मळा उभारला, आणि नाशिकजवळ गंगापूरच्या परिसरात राजीव सामंत यांनी 1997 मध्ये सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या जातींची लागवड करून 2000 मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आणली. त्या वेळी संपूर्ण देशाचे उत्पादन काही लाख लिटरांपलीकडे नव्हते.

नाशिक, सांगली आणि सोलापूरचे शेतकरी द्राक्षात मुरलेले होते. पण खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष ही जवळजवळ दोन निराळी पिके आहेत. थॉमसन सीडलेस किंवा तासगावचे तास-ए-गणेश यांचा मणी मोठा, साल पातळ आणि गर कुरकुरीत असावा म्हणून शेतकरी जिबरेलिक ॲसिडाची फवारणी करतो, घड विरळ करतो आणि मण्याला फुगवण आणतो. वाइनच्या जातींचा मणी मात्र बोटाच्या पेराहूनही लहान, बियांचा, जाड सालीचा असतो, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो. हा मणी फुगवायचा नसतो, त्यात साखर आणि आंबटपणा यांचा मेळ साधायचा असतो, आणि ब्रिक्स, म्हणजे रसातील विद्राव्य साखरेचे मान, 22 ते 24 च्या घरात आले की तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकावी लागते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जातो. महाराष्ट्रात तो झोपत नाही, म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधील खरड छाटणीने पुढच्या पिकाच्या काड्या तयार होतात आणि पावसाळा सरताना केलेल्या फळछाटणीने घड धरतात. परिणामी उत्तर गोलार्धात असूनही नाशिकची तोडणी दक्षिण गोलार्धाप्रमाणे जानेवारी ते मार्चमध्ये होते. याच महिन्यांत अवकाळी पाऊस वा गारपीट आली, किंवा दमट हवेत भुरी आणि केवडा हे रोग पसरले, तर त्या वर्षीचा पुरवठा टाकीत शिरण्याआधीच घटतो.

पुरवठ्याच्या आलेखाला खरी उसळी आली ती 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणामुळे. या धोरणाने 1949 च्या व्याख्येत बुजून गेलेला भेद प्रथमच शासनाच्या पातळीवर मान्य केला. वाइन हे शेतमालावर प्रक्रिया करून केलेले उत्पादन आहे असे मानून राज्यातील वाइनला अबकारी शुल्कातून दहा वर्षांची सूट देण्यात आली, जी पुढे वाढवली गेली, परवाने सोपे झाले आणि औद्योगिक विकास महामंडळाने नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे गोदावरी आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे कृष्णा असे दोन वाइन पार्क उभारले. दारूबंदीच्या अधिनियमाखालीच वाइनला प्रोत्साहन देणारे धोरण राबवले गेले, ही प्रशासनाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. 2008 च्या सुमारास राज्याचे उत्पादन दोन कोटी लिटरांच्या घरात पोहोचले आणि वाइनरींची संख्या पुढे सत्तरीच्या आसपास गेली.

मात्र याच उसळीत पुढच्या घसरणीचे बीज होते, आणि ते समजून घेणे हा या विषयाचा गाभा आहे. वाइनद्राक्षाची लागवड केल्यापासून भरवशाचे पीक यायला साधारण तीन वर्षे लागतात, आणि मांडव, ठिबक, खुंटावरचे कलम यांवर केलेला खर्च तोवर अडकून राहतो. आज बाजारात दिसणाऱ्या मागणीवर विसंबून शेतकरी वेल लावतो, पण त्या वेलाची वाइन बाजारात येते ती चार वर्षांनंतरच्या मागणीला तोंड द्यायला. भाव चढलेले पाहून एकाच वेळी अनेकांनी लागवड केली, तर सर्वांचे पीक एकाच वेळी हाती येते आणि भाव कोसळतो. भाव कोसळला की वेल उपटले जातात आणि काही वर्षांनी पुन्हा टंचाई होते. कांद्याच्या बाबतीत हे चक्र काही महिन्यांत फिरते आणि लासलगावच्या बाजार समितीतला प्रत्येक शेतकरी ते ओळखतो; वाइनच्या बाबतीत ते आठ-दहा वर्षांचे असते, म्हणून ते चटकन ओळखू येत नाही आणि फटका अधिक खोल बसतो.

2004 ते 2006 या काळात लावलेले मळे पूर्ण बहरात आले ते नेमके 2008 आणि 2009 मध्ये. त्याच वेळी जागतिक मंदी आली आणि नोव्हेंबर 2008 मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेले व पर्यटन, म्हणजेच वाइनचे मुख्य गिऱ्हाईक, एकाएकी थंडावले. टाक्या जुन्या वाइनने भरलेल्या आणि दारात नव्या द्राक्षांचे क्रेट, अशी स्थिती नाशिक जिल्ह्यात झाली. शिल्लक साठा बहुतांशी लवकर पिण्याच्या हलक्या वाइनचा होता, तो मुरवून विकण्याजोगा नव्हता, आणि म्हणून तो पुंजी न ठरता बुडीत खाते ठरला. कराराने द्राक्ष लावलेल्या अनेक शेतकऱ्यांचा माल उचलला गेला नाही किंवा पैसे थकले. वाइनचे द्राक्ष बाजार समितीत खाण्यासाठी विकता येत नाही आणि बियांमुळे त्याचा बेदाणाही चांगला होत नाही, त्यामुळे एका गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की शेतकऱ्याला दुसरे दार उरत नाही. कित्येकांनी वेल कापून त्याच खुंटावर थॉमसनची कलमे बांधली. उद्योगाच्या इतिहासात या काळाचे वर्णन ‘अतिरिक्त साठा’ या दोन शब्दांत केले जाते. परंतु त्या शब्दांमागे निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील घरांची दोन-तीन वर्षांची कमाई आहे, हे नोंदवल्याशिवाय हा आलेख पुरा होत नाही. नारायणगावचा तो आद्य उद्योगही याच पडझडीत कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडला.

त्यानंतरची वाढ सावध राहिली. शासनाने 20 टक्के मूल्यवर्धित करापैकी 16 टक्के उत्पादकांना परत देणारी योजना आणली, जी मध्ये काही वर्षे थंडावून 2023 च्या अखेरीस पुन्हा मार्गी लागली. नाशिकला मळा पाहायला आणि तेथेच वाइन चाखायला येणाऱ्या पर्यटकांमुळे विक्रीचा एक नवा मार्ग तयार झाला. अकलूज येथे इटालियन भागीदारांसह ‘फ्रातेली’ उभी राहिली, दिंडोरीत फ्रान्सच्या मोएत कंपनीने 2013 पासून ‘शाँदों’ ही फेसाळ वाइन आणली आणि डिसेंबर 2022 मध्ये ‘सुला’ शेअर बाजारात नोंदली गेली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली ती तोडणीचा हंगाम संपता संपता, आणि हॉटेले बंद पडल्याने टाक्या पुन्हा भरून राहिल्या; फक्त या वेळी लागवड आवरती असल्याने 2009 ची पुनरावृत्ती टळली. जानेवारी 2022 मध्ये 1,000 चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्याला अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो अमलात आला नाही. वाइन शेतमाल की दारू, हा 1949 चा प्रश्न तेव्हा पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. दारूमुळे उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांची भीती खरी आहे आणि द्राक्ष उत्पादकाची निकडही खरी आहे. त्यांपैकी एकीला ढोंग ठरवून हा प्रश्न सुटण्यासारखा नाही.

आयातीची बाजूही करानेच घडवली आहे. परदेशी वाइनवर केंद्राचे सीमाशुल्क दीर्घकाळ 150 टक्के राहिले, म्हणजे 500 रुपयांची बाटली राज्याचे शुल्क व व्यापाऱ्याचा नफा धरण्याआधीच 1,250 रुपयांची होते. या भिंतीच्या आडोशाला देशी उद्योग वाढला. डिसेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात पाच डॉलरांहून महाग बाटलीवरील शुल्क 100 टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरांहून महाग बाटलीवरील 75 टक्क्यांवर आणले गेले असून दहा वर्षांत ते अनुक्रमे 50 आणि 25 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. पाच डॉलरांची किमान अट स्वस्त परदेशी वाइनचा लोंढा रोखण्यासाठी आहे, आणि नाशिकच्या उत्पादकाचे संरक्षण आता प्रामुख्याने तिच्यावर अवलंबून आहे.

जगाच्या तुलनेत हा सारा खटाटोप फार लहान प्रमाणावरचा आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या नोंदीप्रमाणे 2023 मध्ये जगात सुमारे 2,370 कोटी लिटर वाइन तयार झाली आणि हे तोवरचे, 1961 नंतरचे सर्वांत कमी उत्पादन होते. दुष्काळ, दहिवर आणि रोगराई ही त्याची तात्कालिक कारणे असली तरी जुन्या वाइनदेशांतील मागणीच ओसरत आहे. फ्रान्समध्ये 1960 च्या सुमारास दरडोई वर्षाला 120 लिटरांच्या आसपास वाइन प्यायली जात असे, ती आता त्याच्या सुमारे एक तृतीयांशावर आली आहे, आणि तेथे शासन मळे उपटण्यासाठी अनुदान देते. भारताचे दोन कोटी लिटर जागतिक उत्पादनाच्या हजाराव्या भागाइतकेही भरत नाहीत. एक किलो द्राक्षापासून साधारण 650 मिलिलिटर वाइन मिळते असे धरले तर दोन कोटी लिटरांसाठी सुमारे 31 हजार टन द्राक्ष लागते, आणि देशाचे एकूण द्राक्ष उत्पादन 30 लाख टनांच्या आसपास असल्याने शंभर किलोंतील जेमतेम एक किलो वाइनला जाते. जगात मात्र द्राक्षांचा जवळपास निम्मा वाटा वाइनसाठी वापरला जातो. दरडोई हिशेब केल्यास एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला चहाचे काही चमचे वाइन येते, आणि ती सरासरीही फसवी आहे, कारण विक्री मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली आणि गोवा अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेली आहे.

गुजरातच्या रकान्यातही अलीकडे एक बारीक नोंद झाली. डिसेंबर 2023 मध्ये गांधीनगरजवळील गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्राच्या हद्दीत तेथील कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना ठरावीक उपाहारगृहांत मद्य घेण्याची मुभा राज्य शासनाने दिली. बाटली विकत घेऊन बाहेर नेण्याची परवानगी त्यात नव्हती. बडोद्याला ही मुभा लागू नाही. नाशिकहून गिफ्ट सिटीकडे माल न्यायचा झाल्यास सरळ रस्ता सुरत आणि भरूच ओलांडून बडोद्यावरूनच जातो, आणि त्या प्रवासासाठी माल सोडणाऱ्या महाराष्ट्राचा आणि आत घेणाऱ्या गुजरातचा असे दोन राज्यांचे परवाने लागतात, जे 1949 च्या एकाच अधिनियमाच्या दोन नावांखाली दिले जातात.